कसोटीत वेगवान गोलंदाज कसा वापरावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लब किंवा जिल्हा पातळीवरचे कर्णधार, प्रशिक्षक आणि कसोटी मन लावून पाहणारे प्रेक्षक यांच्याकडून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं कसोटीतली आहेत, पण दोन-तीन दिवसांचे सामने खेळणाऱ्या संघांनाही बरंचसं तसंच्या तसं लागू पडतं. सगळ्या उत्तरांमागे एकच धरून ठेवलेलं मत आहे: वेगवान गोलंदाजाकडे पूर्ण ताकदीची षटकं मोजकीच असतात, आणि ती कोणत्या चेंडूने, कोणत्या फलंदाजाला, किती वाजता टाकून घ्यायची हे ठरवणं कर्णधाराचं काम आहे.

वेगवान गोलंदाजाची ताकद म्हणजे त्याचा वेगच ना?

नाही. वेग ही अनेक ताकदींपैकी एक आहे. ताशी १३० आणि १४५ किलोमीटर वेगांमध्ये फलंदाजाला मिळणाऱ्या वेळेत जेमतेम पाच शतांश सेकंदाचा फरक पडतो. तो फरक मोठाच आहे, पण चेंडू सरळ आणि एकाच उंचीने येत राहिला तर चांगला फलंदाज तासाभरात त्याला सरावतो.

आपल्या गोलंदाजाकडे पुढच्यांपैकी काय आहे ते आधी कागदावर लिहून काढा: नव्या चेंडूचा स्विंग (हवेतलं वळण), टप्पा पडल्यावर शिवणीवरून होणारी हालचाल, उंचीमुळे मिळणारी उसळी, जुन्या चेंडूचा रिव्हर्स (उलट दिशेचा स्विंग), आखूड चेंडूची धार, एकाच जागी टप्पा टाकत राहण्याची क्षमता, आणि वेगळा कोन (डावखुरा गोलंदाज किंवा क्रीजच्या टोकावरून टाकणारा). बहुतेकांकडे यातल्या दोन गोष्टी उत्तम असतात, तिसरी बरी असते. सातही गोष्टी असलेला गोलंदाज पिढीतून एखादाच निघतो.

यादी केली की चुका आपोआप दिसतात. ग्लेन मॅकग्राने १२४ कसोटींत ५६३ बळी घेतले ते उसळी आणि अचूकतेवर. अशा गोलंदाजाला दर षटकात यॉर्कर (थेट पायाशी पडणारा चेंडू) मागणं म्हणजे त्याचं हत्यार काढून घेणं. न्यूझीलंडच्या नील वॅग्नरचं उलट. नवा चेंडू बहुतेक वेळा साउदी आणि बोल्टच्या हातात असायचा, वॅग्नर मागून यायचा आणि बरगड्यांवर आखूड चेंडू टाकत राहायचा. ६४ कसोटींत २६० बळी असे मिळवले. न्यूझीलंडने त्याला ‘तिसरा बोल्ट’ व्हायला सांगितलं नाही, यातच त्या संघाची समज दिसते.

नवा चेंडू कुणाला द्यायचा? सगळ्यात वेगवान असेल त्यालाच?

चेंडू सर्वांत जास्त वेळा बॅटची कड घेईल अशा जागी टाकणाऱ्याला. स्विंग करणारा आणि शिवण सरळ उभी ठेवणारा गोलंदाज नव्या चेंडूवर आधी हवा. केवळ वेग हीच ज्याची ताकद आहे, त्याला पहिला बदल म्हणून दहा-बारा षटकांनंतर आणलं तरी त्याचं नुकसान होत नाही, कारण त्याला चकाकीची तेवढी गरज नसते.

कोणता चेंडू आहे तेही बघा. भारतात वापरला जाणारा एसजी आणि इंग्लंडमधला ड्यूक्स या दोन्हींच्या शिवणीच्या सहाही ओळी हाताने शिवलेल्या असतात. ऑस्ट्रेलियात वापरल्या जाणाऱ्या कुकाबुराच्या फक्त मधल्या दोन ओळी हाताने आणि बाहेरच्या चार यंत्राने शिवलेल्या असतात, त्यामुळे त्याची शिवण साधारण वीस-पंचवीस षटकांत बसते. म्हणजे ऑस्ट्रेलियात नव्या चेंडूची पहिली वीस षटकं वाया घालवणं इंग्लंडपेक्षा कितीतरी महागात पडतं.

पहिला स्पेल (एका गोलंदाजाने एका दमात टाकलेली षटकं) किती षटकांचा असावा?

खरा वेग असलेल्याला ४ ते ५ षटकं. स्विंग किंवा अचूकतेवर जगणाऱ्याला ६ ते ७. विकेट मिळाली किंवा कडा लागत असतील तर एखादं षटक वाढवा, दोन नकोत.

२०१३-१४ च्या ॲशेसमध्ये (ऑस्ट्रेलिया-इंग्लंड मालिकेत) ऑस्ट्रेलियाचा कर्णधार मायकेल क्लार्कने मिचेल जॉन्सनला मुख्यतः छोट्या स्पेलमध्ये वापरलं. जॉन्सनने मालिकेत १३.९७ च्या सरासरीने ३७ बळी घेतले. तोच गोलंदाज आधीच्या काही वर्षांत स्वैर म्हणून ओळखला जायचा. त्याच्या गोलंदाजीच्या क्रियेत सुधारणा झाली होती हे खरं, पण तो प्रत्येक वेळी ताजा होऊन यायचा हेही तितकंच खरं. फलंदाजाला त्याचं शेवटचं दमलेलं षटक कधी मिळालंच नाही.

थकवा ओळखायला स्पीडगन लागत नाही. या खुणा बघा:

- चेंडू लेग स्टंपकडे घसरायला लागतो, कारण पुढचा पाय नीट रोवला जात नाही आणि शरीर ऑफकडे कोसळतं.
- फॉलोथ्रू दोन-तीन पावलांतच संपतो.
- यष्टिरक्षक आधी छातीजवळ घेत असलेला चेंडू आता कमरेजवळ घेतो.
- नो-बॉल वाढतात, किंवा उलट, पाय रेषेच्या बराच मागे पडतो.
- गोलंदाज मार्ककडे परत जाताना वेळ काढतो आणि चेंडू पुसत बसतो.

यांतल्या दोन खुणा एका षटकात दिसल्या की ते त्याचं शेवटचं षटक. ‘आणखी एक टाकतोस का?’ असं त्याला विचारू नका. कुठलाही जिद्दीचा गोलंदाज हो म्हणतो.

दिवसाच्या ९० षटकांची वाटणी कशी करावी?

तीन वेगवान, एक वेगवान अष्टपैलू आणि एक फिरकीपटू असेल तर एक चालणारी वाटणी अशी: १७, १७, १५, ११ आणि फिरकीला ३०. मुख्य गोलंदाजाची १७ षटकं अशी फोडा: सकाळी ५, उपाहारानंतर ४, चहापानानंतर ४ आणि दुसऱ्या नव्या चेंडूने ४.

या हिशेबात सगळ्यांत जास्त चुकतो तो ६५ ते ८० षटकांचा टप्पा. नवा चेंडू ८० षटकांनंतर मिळतो आणि दिवस ९० षटकांचा असतो, म्हणजे पहिल्या दिवशी विरोधी संघ टिकला तर शेवटची दहा षटकं नव्या चेंडूची आहेत. ७२ ते ७८ या षटकांत मुख्य गोलंदाज धावा रोखायला वापरला, तर नवा चेंडू त्याच्या हातात येतो तेव्हा पायात जीव नसतो. त्या वेळात फिरकी आणि कामचलाऊ गोलंदाज लावा, वीस धावा जास्त गेल्या तरी चालतील.

प्रमुख गोलंदाज प्रत्येक अडचणीत वापरला की काय होतं, याचं उदाहरण २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात आहे. जसप्रीत बुमराने पाच कसोटींत १५१.२ षटकं टाकून १३.०६ च्या सरासरीने ३२ बळी घेतले. सिडनीच्या शेवटच्या कसोटीत पाठ धरल्यामुळे दुसऱ्या डावात तो गोलंदाजी करूच शकला नाही आणि ऑस्ट्रेलियाने १६२ धावांचं लक्ष्य गाठलं. दुसऱ्या टोकाकडून दबाव राहत नसल्यामुळे चेंडू पुन्हा पुन्हा त्याच्याकडेच जात होता. म्हणून तिसऱ्या-चौथ्या गोलंदाजाची निवड ही पहिल्या गोलंदाजाला वाचवण्यासाठीही असते.

वाऱ्याचा विचार खरंच करावा लागतो का?

लागतो. वाऱ्याच्या दिशेने सर्वांत वेगवान गोलंदाज धावेल, वाऱ्याविरुद्ध किंवा आडव्या वाऱ्यात स्विंग करणारा. समोरून येणाऱ्या वाऱ्यात चेंडू जास्त वळतो. उजव्या फलंदाजाच्या लेगकडून ऑफकडे वाहणारा वारा आउटस्विंगला मदत करतो. पाठीमागून वारा जोरात असेल तर रनअप लांबतो आणि नो-बॉल पडतात, तेव्हा मार्क अर्धं पाऊल मागे घ्या. मुंबईसारख्या समुद्राकाठच्या शहरात दिवस चढेल तसा वारा बदलतो, त्यामुळे सकाळी ठरवलेलं टोक चहापानानंतर पुन्हा तपासा.

टप्पा नेमका कुठे हवा?

यष्टींपासून ६ ते ८ मीटर ही ढोबळ पट्टी. पण ती गोलंदाजाच्या उंचीप्रमाणे आणि खेळपट्टीप्रमाणे सरकते. पर्थ किंवा ब्रिस्बेनसारख्या उसळीच्या जागी ७ ते ८ मीटरवरचा चेंडू यष्टींवरून जातो. तिथे पायचीत आणि त्रिफळा हवे असतील तर पुढे यावं लागतं, झेल हवे असतील तर तोच टप्पा योग्य. इंग्लंडमध्ये साधारण मीटरभर पुढे. भारतात चौथ्या दिवशी उसळी मरते, तेव्हा पाच ते साडेसहा मीटर आणि यष्टींच्या रेषेत.

सरावात हे मोजून शिकवा. ५, ६, ७ आणि ८ मीटरवर चुन्याच्या रेषा मारा आणि दर सहा चेंडूंमागे किती चेंडू सांगितलेल्या मीटरभराच्या पट्टीत पडले ते लिहून ठेवा. सहापैकी चार पडायला लागले की मग वेग वाढवा.

चेंडू छान स्विंग होतोय, फलंदाज सारखा चुकतोय, पण विकेट नाही. काय बिघडतंय?

बहुतेक वेळा दोनपैकी एक. पहिलं, टप्पा आखूड आहे. बॅटला हुलकावणी देऊन चेंडू यष्टिरक्षकाकडे जातो, टाळ्या पडतात, पण तोच चेंडू अर्धा मीटर पुढे असता तर कड लागली असती. दुसरं, सुरुवातीची रेषा चुकतेय. ऑफस्टंपच्या बाहेर सुरू होऊन आणखी बाहेर जाणारा आउटस्विंग फलंदाज सोडून देतो. तो मधल्या किंवा ऑफस्टंपवर सुरू व्हायला हवा, म्हणजे फलंदाजाला खेळावंच लागतं.

चेंडू सोडला जातोय की खेळला जातोय याची नोंद ठेवा. नव्या चेंडूच्या पहिल्या आठ षटकांत निम्म्याहून जास्त चेंडू सोडले गेले, तर गोलंदाजी कितीही देखणी असली तरी नवा चेंडू वाया चाललाय.

तिसरी शक्यता क्षेत्ररक्षणाची. कव्हर रिकामं ठेवायला गोलंदाज आणि कर्णधार घाबरतात. एक चौकार बसला की तिसरी स्लिप काढून कव्हरला नेतात, आणि पुढची कड नेमकी तिथून जाते. फुल टप्प्यावर स्विंग करायचा तर ड्राइव्हवर काही चौकार जाणारच. त्याची तयारी नसेल तर त्या गोलंदाजाला नवा चेंडू देऊ नका.

उलट गोष्टही घडते. ईडन गार्डन्सवर नोव्हेंबर २०१७ मध्ये, पावसाळी हवेत, सुरंगा लकमलने पहिल्या दिवशी ६ षटकं टाकली, सहाही निर्धाव, आणि ३ बळी घेतले. वेग मध्यमच. टप्पा पुढे, शिवण उभी आणि फलंदाजाला जवळजवळ प्रत्येक चेंडूवर निर्णय घ्यायला लावणारी रेषा.

रिव्हर्स स्विंग मिळवायला संघाने काय करायचं?

हे एकट्या गोलंदाजाचं काम नाही, अकराही जणांचं आहे. नेहमीच्या स्विंगमध्ये चेंडू खडबडीत बाजूकडे वळतो, रिव्हर्समध्ये चकाकीच्या बाजूकडे. त्यासाठी एक बाजू पूर्ण कोरडी आणि झिजलेली हवी, दुसरी गुळगुळीत आणि थोडी जड.

१. पहिल्या दहा षटकांतच कोणती बाजू जपायची ते ठरवा. ज्या बाजूला आधी ओरखडा पडेल ती सोडून द्या.
२. चेंडू घासायचं काम एका-दोघांकडेच द्या. ज्यांच्या तळव्यांना कमी घाम येतो असे खेळाडू निवडा. बाकीच्यांनी चेंडू फक्त शिवणीवर, दोन बोटांत धरून पुढे द्यायचा.
३. थुंकी लावायला २०२० पासून मनाई आहे. घाम चालतो, तो फक्त चकाकीच्या बाजूला. घामाचा एक ओला पंजा खडबडीत बाजूवर पडला की अर्ध्या तासाची मेहनत जाते.
४. फिरकीपटूला लवकर आणा. कोरड्या, टणक खेळपट्टीवर त्याचे चेंडू एक बाजू झिजवतात.
५. चेंडू खराब करण्याचा कोणताही कृत्रिम उपाय नियमाबाहेर आहे. पाच धावांचा दंड होतो, चेंडू बदलला जातो आणि संघाचं नाव जातं.

भारतात एसजी चेंडू कोरड्या मैदानावर साधारण तिसाव्या षटकानंतर रिव्हर्स व्हायला लागतो. हिरवळ दाट असेल किंवा दव पडलेलं असेल तर अजिबात वळत नाही, तेव्हा त्याची वाट पाहत बसू नका.

वळायला लागला की सर्वांत वेगवान गोलंदाज परत आणा, कारण रिव्हर्सला वेग लागतो. ३ ते ४ षटकांचे स्पेल. रेषा ऑफस्टंपच्या बाहेरून आत, टप्पा पायाजवळ. स्लिप एक किंवा दोन पुरेत, मिडविकेट आणि शॉर्ट मिडऑन हवेत. ज्या हाताने चेंडू टाकायचा तो रनअपमध्ये दुसऱ्या हाताने झाका, नाहीतर फलंदाज चकाकी बघून दिशा ओळखतो. श्रीरामपूरच्या झहीर खानने ही लपवाछपवी फार सफाईने वापरली.

नागपूरला जामठ्यात फेब्रुवारी २०१० मध्ये डेल स्टेनने ५१ धावांत ७ बळी घेतले आणि भारताचा डाव २३३ वर आटोपला, तो मुख्यतः जुन्या चेंडूच्या जोरावर. विशाखापट्टणमला २०२४ मध्ये बुमराने ४५ धावांत ६ बळी घेताना ऑली पोपचा त्रिफळा उडवला, तो यॉर्करही रिव्हर्सचाच. दोन्ही खेळपट्ट्या ‘इथे वेगवान गोलंदाजांना काही नाही’ म्हणण्यासारख्याच होत्या.

चेंडू जुना झाला, स्विंग नाही, रिव्हर्स नाही. आता काय?

इथे कर्णधाराची खरी परीक्षा असते. तीन मार्ग आहेत.

पहिला म्हणजे धावा अडवून धरणं. अचूक गोलंदाज एका टोकाला ७-८ षटकं, चौथ्या-पाचव्या स्टंपच्या रेषेत, ऑफला सहा क्षेत्ररक्षक. हे काम अचूकतेची ताकद असणाऱ्याचं. सर्वांत वेगवान गोलंदाज त्यात कधीही घालवू नका.

दुसरा, शिवण डुलती सोडणं. शिवण सरळ न ठेवता ती किंचित हलत जाईल अशी पकड सैल करायची. चेंडू कधी बाहेर जातो, कधी आत येतो, गोलंदाजालाही आधी माहीत नसतं. शिवण अजून उंच असेल तरच उपयोग.

तिसरा, आखूड टप्प्याची योजना, आणि ही सगळ्यात जास्त वेळा अर्धवट राबवली जाते. नियमाने खांद्याच्या वर जाणारे दोनच चेंडू एका षटकात टाकता येतात, पण बरगड्यांवर येणाऱ्या चेंडूंना ही मर्यादा नाही. निशाणा म्हणूनच काखेखाली हवा. लेगला स्क्वेअरच्या मागे दोनपेक्षा जास्त क्षेत्ररक्षक चालत नाहीत, तेव्हा रचना अशी बसते: मागे लेग गली आणि सीमेवर फाइन लेग, पुढे फॉरवर्ड शॉर्ट लेग, सीमेवर स्क्वेअरच्या थोडं पुढे एक, मिडविकेट, मिडऑन. ऑफला गली, कव्हर पॉइंट आणि मिडऑफ. नऊ झाले.

चार-पाच षटकं सलग हेच टाका. षटकामागे चार धावा जातील असं धरून चाला. योजना फसते ती दोन कारणांनी: चेंडू ऑफस्टंपच्या बाहेर पडतो आणि फलंदाज आरामात कट करतो, किंवा दोन चौकार बसले की कर्णधार घाबरून ती सोडून देतो. लॉर्ड्सवर २०१४ च्या कसोटीत शेवटच्या दिवशी धोनीने इशांत शर्माला आखूड टाकायला लावलं, तेव्हा इशांतला स्वतःला फुल टाकायचा होता. उपाहाराच्या आधीच्या शेवटच्या चेंडूवर मोईन अली बाद झाला, त्यानंतर रांग लागली, इशांतचे ७४ धावांत ७ बळी आणि भारत ९५ धावांनी विजयी. उंच गोलंदाज, खेळपट्टीची असमान उसळी आणि हुक-पुलचा मोह न आवरणारे फलंदाज, हे सगळं जुळलं होतं. हळू आणि खाली राहणाऱ्या खेळपट्टीवर १३० च्या वेगाने हीच योजना राबवलीत तर मार खाल.

सत्र संपायच्या आधीच्या षटकांना विशेष महत्त्व का?

कारण फलंदाजाचं मन तेव्हा ‘एवढं काढू’ असं असतं. तो बचावात जातो, पाय जागेवर थिजतात. शेवटच्या दोन षटकांसाठी मुख्य गोलंदाजाला आणा, दहा षटकं विश्रांती देऊन. मेलबर्नला २०१८ मध्ये उपाहाराआधीच्या अगदी शेवटच्या चेंडूवर बुमराने शॉन मार्शला हळूवार यॉर्करवर पायचीत केलं. सूचना मिडऑफवरून रोहित शर्माची होती. मिडऑफला समजूतदार खेळाडू उभा करायचा तो यासाठीच. गोलंदाजाशी दर चेंडूनंतर बोलणं त्याला सहज जमतं.

दुसरा नवा चेंडू मिळाला की लगेच घ्यावा का?

गोलंदाज ताजे असतील आणि जुना चेंडू काहीच करत नसेल तर लगेच. रिव्हर्स चालू असेल किंवा फिरकी चावत असेल तर थांबा. दिवसाची तीनच षटकं उरली असतील आणि दोन्ही गोलंदाज दमलेले असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. मात्र समोर शेपूट (शेवटचे कच्चे फलंदाज) असेल तर दमलेल्या गोलंदाजांच्या हातातही नवा चेंडू घातक असतो.

फिरकीच्या खेळपट्टीवर तिसरा वेगवान गोलंदाज कशाला? दोनही जास्तच नाहीत का?

संख्या कमी करा, पण उरलेल्यांना शोभेचं ठेवू नका. विशाखापट्टणमला ऑक्टोबर २०१९ मध्ये, पाचव्या दिवशी, सगळे अश्विन-जडेजाकडे बघत असताना मोहम्मद शमीने ३५ धावांत ५ बळी घेतले, त्यातले चार त्रिफळाचीत. कारण साधं होतं. उसळी खाली आणि असमान झाली होती आणि शमीचे चेंडू यष्टींवर होते. फिरकीला पुढे वाकून खेळायची सवय लागलेल्या फलंदाजाला १४० च्या वेगाने घोट्याजवळ राहणारा चेंडू खेळायला वेळ मिळत नाही.

अशा ठिकाणी स्पेल ३ षटकांचे. स्लिप एक, शॉर्ट मिडविकेट एक, यष्टिरक्षक नेहमीपेक्षा एक पाऊल पुढे, कारण कड लागली तरी चेंडू आधी जमिनीवर पडतो.

डावखुरा वेगवान गोलंदाज असेल तर एक जास्तीचा फायदा. ओव्हर द विकेट (गोलंदाजीचा हात यष्टींच्या बाजूला ठेवून) टाकताना त्याची पावलं समोरच्या टोकावरच्या ऑफस्पिनरला हव्या त्या जागी, उजव्या फलंदाजाच्या ऑफस्टंपबाहेर खड्डे पाडतात.

डावखुऱ्या फलंदाजाला अराउंड द विकेट (यष्टींच्या दुसऱ्या बाजूने) कधी जायचं?

सुरुवातीपासून, जर गोलंदाज त्या कोनातून चेंडू सरळ ठेवू किंवा बाहेर काढू शकत असेल. २०१९ च्या ॲशेसमध्ये स्टुअर्ट ब्रॉडने डेव्हिड वॉर्नरला १० डावांत ७ वेळा बाद केलं. चेंडू यष्टींकडे आत येतोय असं वाटतं, म्हणून सोडता येत नाही, आणि टप्प्यानंतर सरळ राहिला की कड लागते किंवा पायचीत होतो. नुसता कोन असून भागत नाही. चेंडू आतच येत राहिला तर फलंदाज मिडविकेटला धावा घेत बसतो.

फॉलोथ्रूवर लक्ष हवं. पॉपिंग क्रीजपासून दीड मीटरपुढे, मधल्या स्टंपच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३० सेंटिमीटर ही सुरक्षित पट्टी असते. तिथे वारंवार पाय पडला तर पंचांच्या इशाऱ्यांनंतर त्या डावात गोलंदाजी बंद होते. नेटमध्ये ही पट्टी आखूनच सराव करा.

शेवटचे तीन फलंदाज निघत नाहीत, का?

कारण तेव्हा कर्णधार क्षेत्ररक्षण पसरवतो आणि दमलेल्या गोलंदाजाला चेंडू देतो. शेपटाला सर्वांत ताजा, सर्वांत वेगवान गोलंदाज हवा. दोन आखूड, तिसरा यष्टींवर फुल. दुसऱ्या टोकाच्या चांगल्या फलंदाजाला धाव देऊन शेपटाला समोर आणायची युक्ती शेवटच्या दोन चेंडूंपुरती ठेवा, पूर्ण षटकभर नको.

फॉलोऑन द्यावा की नाही?

कसोटीत पहिल्या डावात २०० धावांची आघाडी मिळाली की विरोधी संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला लावायचा अधिकार मिळतो, सक्ती नाही. निर्णय धावांवर घेऊ नका, गोलंदाजांच्या षटकांवर घ्या. पहिल्या डावात प्रमुख दोघांनी २० पेक्षा जास्त षटकं टाकली असतील, ऊन कडक असेल आणि दोन दिवस बाकी असतील, तर पुन्हा फलंदाजी करा. त्यांचे पाय अर्धा दिवस मोकळे होतील. ईडन गार्डन्स, २००१: स्टीव्ह वॉने फॉलोऑन दिला, लक्ष्मणने २८१ आणि द्रविडने १८० केल्या, चौथ्या दिवशी दिवसभर एकही विकेट पडली नाही. मॅकग्रा आणि गिलेस्पी माणसंच होती.

लागोपाठच्या कसोटींत कुणाला विश्रांती द्यायची?

सर्वांना एकच नियम लावू नका. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात बुमरा पाचपैकी तीनच कसोटी खेळेल असं आधीच ठरलं होतं. त्याच मालिकेत मोहम्मद सिराज पाचही खेळला, १८५.३ षटकं टाकली, २३ बळी घेतले आणि ओव्हलला शेवटच्या सकाळी गस ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवून ६ धावांनी सामना जिंकून दिला. एकाची क्रिया पाठीवर फार ताण देणारी, दुसऱ्याचं शरीर दीर्घ कामाला सरावलेलं. दोघांना सारखं वागवणं अन्यायाचं ठरलं असतं.

आकडा बघायचा तो आठवड्याच्या चेंडूंचा, नेटमधले धरून. गेल्या चार आठवड्यांच्या सरासरीपेक्षा या आठवड्यात अचानक दीडपटीहून जास्त चेंडू टाकले गेले तर दुखापतीचा धोका वाढला असं समजा. म्हणजे जास्त विश्रांतीही धोक्याची. महिनाभर टी-ट्वेंटीत दिवसाला चार षटकं टाकलेल्याला थेट कसोटीत उतरवून २० षटकं मागू नका. आधीच्या तीन आठवड्यांत स्पेल ४, मग ६, मग दिवसात दोन वेळा ६ असे चढवा.

१६-१७ वर्षांच्या मुलाला किती टाकू द्यावं?

इंग्लंडच्या बोर्डाने वेगवान मुलांसाठी केलेले मर्यादेचे नियम धरून चालायला हरकत नाही: १४-१५ वयोगटात एका स्पेलला ६ आणि दिवसाला १२ षटकं, १६-१७ ला स्पेलला ७ आणि दिवसाला १८. या वयात कंबरेच्या मणक्याची हाडं पूर्ण पक्की झालेली नसतात. चेंडू सोडताना पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहून जास्त भार येतो, आणि खांदे एका दिशेला, कंबर दुसरीकडे अशी मिश्र क्रिया असेल तर तो सगळा पिळा मणक्यावर जातो. कंबरेत एकाच बाजूला, गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला दुखतंय असं मुलगा म्हणाला की त्याच दिवशी थांबवा, मलम लावून खेळवू नका. एमआरआय करून घ्या, साध्या एक्स-रेत सुरुवातीची इजा अनेकदा दिसत नाही.

पॅट कमिन्सने १८ व्या वर्षी, नोव्हेंबर २०११ मध्ये जोहान्सबर्गला पदार्पणात ७९ धावांत ६ बळी घेतले. त्याची दुसरी कसोटी मार्च २०१७ मध्ये रांचीला झाली. मधली वर्षं दुखापतींत आणि शरीर पुन्हा बांधण्यात गेली. त्याच्यामागे उत्तम डॉक्टर आणि पैसा असलेलं बोर्ड होतं. जिल्ह्याच्या संघातल्या मुलामागे ते नसतं, म्हणून त्याच्याबाबत कर्णधाराने आणि प्रशिक्षकाने अधिक कडक राहायला हवं. फायनल असली तरीही.

डाव कधी घोषित केला तर वेगवान गोलंदाजांना जास्त फायदा?

दिवसाअखेरीस ८ ते १२ षटकं मिळतील अशा बेताने. दोन डावांमध्ये दहाच मिनिटं असतात, त्यात सलामीवीरांनी दिवसभर क्षेत्ररक्षण करून पॅड बांधायचे असतात. तुमचे गोलंदाज मात्र दिवसभर बसलेले असतात. घोषणेच्या वीस मिनिटं आधीच त्यांना सांगा, म्हणजे ते सीमेबाहेर पळून, पाठ मोकळी करून, पाच-सहा चेंडू टाकून तयार राहतील. गोलंदाजांना न कळवता केलेल्या घोषणेत पहिली दोन षटकं अंग गरम करण्यातच जातात. पहिल्या षटकापासून तीन स्लिप, गली आणि शॉर्ट लेग ठेवा. समोरचा संघ धावांसाठी खेळत नसतो, तेव्हा सीमेवर माणूस ठेवण्याचं कारणच नाही.